खोकताना, हंडा उचलताना

वनमाला घाडी हिला ते काम मिळालं ते तिचं अक्षर चांगलं होतं म्हणून. १९८४ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नवऱ्याची, गुणाजीची, गिरणी संपात बंद पडली ती त्याच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. आता तो गोरेगावात एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन होता. दिंडोशीच्या चढावरच्या चाळीत दोघं आणि तीन मुलं राहत. वनमाला कणकवलीकडच्या शाळेत नववीपर्यंत शिकलेली. चाळीतल्या बायकांची गावाकडची पत्रं तीच लिहून द्यायची.

गोरेगावातल्या एका प्रसूतिगृहात डॉ. वसुधा कर्णिक नावाच्या बाई होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. बाळंतपणानंतर बायकांच्या अंगाचं पुढे काय होतं, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. मूल झालं, टाके सुकले, बाई घरी गेली की तिचा कागद बंद होतो आणि पुढचं कोणालाच माहीत नसतं, हे त्यांना खटकत होतं. गेल्या तीन वर्षांत तिथे बाळंत झालेल्या बायकांच्या घरी जाऊन बावीस प्रश्न विचारायचे आणि छापील फॉर्म भरायचा, असं वनमालाचं काम होतं.

प्रश्न मूळ इंग्रजीत होते. त्यांचं मराठी एका निवृत्त मास्तरांनी करून दिलं होतं. सतरावा प्रश्न असा होता : ‘प्रसूतीनंतर मूत्रविसर्जनावरील नियंत्रणात काही बदल जाणवतो काय?’ अठरावा त्याहून अवघड.

वनमाला ते जसेच्या तसे वाचून दाखवी. बायका तोंडाकडे बघत. मालन नावाच्या एकीने विचारलं, “म्हणजे काय गं ताई?” वनमालाने समजावायला तोंड उघडलं, पण बाजूला मालनची सासू तांदूळ निवडत बसली होती आणि दारात दीर उभा होता. “काही नाही, तब्येत बरी आहे ना?” असं म्हणून तिने ‘नाही’वर खूण केली. तीन महिन्यांत एकशे चाळीस फॉर्म झाले. त्यांत सतराव्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या बायका सहा.

फेब्रुवारीत ती शेवंतीकडे गेली. शेवंती चोवीस वर्षांची, पाच महिन्यांपूर्वी दुसरं मूल झालेली. सासू रेशनच्या रांगेला गेली होती. बोलता बोलता शेवंतीला ठसका लागला. खोकताना तिने पाय आवळून घेतले, एक हात ओटीपोटावर दाबला आणि खोकला थांबल्यावर साडी मागून चाचपली. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. वनमालाच्या आलं, कारण ती स्वतः अकरा वर्षं तसंच करत होती.

धाकट्या मुलाच्या वेळी बाराव्या दिवशी ती नळावर उभी राहिली होती. चढावर दोन हंडे घेऊन येताना अंगातून काहीतरी खाली सरकल्यासारखं झालं. त्यानंतर खोकला आला, शिंक आली, मुलांच्या मागे पळावं लागलं की कपडा ओला. संध्याकाळी तर खाली काही लोंबतंय असं वाटे. तिने गडद रंगाच्याच साड्या घ्यायला सुरुवात केली, लग्नाकार्यात कडेला बसायला लागली. गुणाजीलाही तिने कधी सांगितलं नव्हतं. काय शब्दांत सांगायचं, हाच प्रश्न होता.

तिने फॉर्म बाजूला ठेवला. “शेवंती, खोकताना कपडा ओला होतो का गं?”

शेवंतीने आधी दाराकडे पाहिलं. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. माझा होतो.”

 शेवंती बोलायला लागली ती थांबेना. हंडा उचलताना होतं, हसताना होतं. मूल झाल्यापासून नवरा जवळ आला तरी भीती वाटते. सासू म्हणते, पोरगी घाणेरडी आहे, सारखी कपडे धुते. तिला वाटत होतं की आपल्याच अंगात काही खोट आहे. वनमाला ऐकत राहिली. उठताना तिने सतराव्या प्रश्नाला ‘हो’ लिहिलं आणि घरी जाताना वाटेत एका पायरीवर बसून थोडी रडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने प्रश्नच बदलून टाकला. सासवा दुपारी आडव्या झाल्या की ती जाई. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना कपडा ओला होतो का? खाली काही उतरल्यासारखं, जड वाटतं का? बाळंतपणानंतर कितव्या दिवशी पाणी भरायला लागलात? बायका हो म्हणू लागल्या. काही खालच्या आवाजात, काही चिडून. एकजण म्हणाली, “आता विचारताय होय?”

मार्चच्या शेवटी डॉक्टरबाईंनी तिला खोलीत बोलावलं. समोर फॉर्मचे दोन गठ्ठे होते.

“वनमालाबाई, आधीच्या एकशे चाळिसांत सहा. आणि नंतरच्या साठांत बावीस. असं एकदम कसं झालं?”

वनमालाने हातातली पिशवी खाली ठेवली.

“मोठ्या हॉस्पिटलात डॉ. विद्याधर माझे वरिष्ठ आहेत. त्यांनी हे आकडे पाहिले. ते म्हणाले, तुमची बाई घरी बसून फॉर्म भरते. मला खरं सांगा.”

“मी प्रत्येक घरी गेलेय, बाई. वाटलं तर माझ्यासोबत चला.”

“चला मग,” असं म्हणून डॉक्टरबाईंनी गठ्ठ्यातून मधूनमधून दहा फॉर्म उपसले.

त्या दुपारी दोघी चढ चढून गेल्या. पहिल्याच घरी डॉक्टरबाईंनी छापील प्रश्न वाचला. घरातली बाई म्हणाली, “नाही, काही त्रास नाही.” फॉर्मवर ‘हो’ होतं. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरीही. डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण लावलं. चौथं घर शेवंतीचं होतं. तिथेही ‘नाही’ आलं तेव्हा वनमाला पुढे झाली.

“शेवंती, हे आपण बोललो तेच आहे. कपडा ओला होतो ते.”

“अगं बाई, ते होय,” शेवंती म्हणाली. “ते तर होतंच. कालसुद्धा झालं. तुम्हाला सांगितलंय की सगळं.”

डॉक्टरबाई खाली चटईवर बसल्या. त्यांनी शेवंतीला पुष्कळ विचारलं, साध्या शब्दांत, अडखळत. मग आधीच्या तिन्ही घरी परत गेल्या. तिन्ही बायका हो म्हणाल्या.

उतरताना त्या म्हणाल्या, “तुम्ही प्रश्न बदलला, मला सांगितलं का नाही?”

“छापलेला कागद होता. मला वाटलं, छापलंय त्याला हात लावला म्हणून तुम्ही काढून टाकाल.”

“मला सांगायला हवं होतं. आज मी तुम्हाला खोटं समजून निघाले होते.” थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, “पण हा प्रश्न सुचला कसा?”

वनमाला थांबली. मग म्हणाली, “माझ्यावरून सुचला.”

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी तिला तपासलं. गर्भाशयाची पिशवी बरीच खाली उतरली होती. “अकरा वर्षं तुम्ही आठवड्यातून चारदा या इमारतीवरून जाता,” त्या म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या, पण कोणावर ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. लघवी अडवून धरतो तसं आत ओढायचं, दहा मोजायचे, सोडायचं, असा व्यायाम त्यांनी शिकवला. वनमाला पोळ्या लाटताना तो करायला लागली.

पहिल्या एकशे चाळीस बायकांकडे पुन्हा जायचं ठरलं. वनमालाने विचारलं, “जुने फॉर्म फाडून टाकू का?”

“मुळीच नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दोन्ही ठेवायचे. त्याच बाईने आधी काय सांगितलं आणि नंतर काय, ते लोकांना दिसलं पाहिजे.”

वीसजणी गावी गेल्या होत्या किंवा घर बदललं होतं. उरलेल्या एकशे वीसजणींत दुसऱ्या फेरीत ‘हो’ म्हणणाऱ्या त्रेचाळीस निघाल्या. त्यांतल्या बहुतेक पंधरा दिवसांच्या आत पाणी भरायला लागल्या होत्या. डॉक्टरबाईंनी हे डॉक्टरांच्या एका सभेत वाचून दाखवलं. डॉ. विद्याधरांनी त्यावर बरेच प्रश्न काढले, काही रास्त होते. पण प्रसूतिगृहातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईला दीड महिन्यांनी परत बोलवायचं, हे त्यांनीच पुढे मंजूर करून घेतलं. किती बायका आल्या म्हणाल तर निम्म्याही नाहीत.

व्यायामाने वनमालाचा कपडा ओला होणं पुष्कळ कमी झालं, पण उतरलेली पिशवी जागेवर जाईना. १९८६ च्या जानेवारीत ऑपरेशन करायचं ठरलं. त्याआधी तिला गुणाजीला सांगावं लागलं. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, “एवढी वर्षं मला कळलं कसं नाही?”

ऑपरेशननंतर तीन महिने जड उचलायचं नव्हतं. गुणाजी नळावर बायकांच्या रांगेत हंडे घेऊन उभा राहू लागला. शेजारचा सहदेव म्हणाला, “काय रे, वॉचमनचा पाणक्या झालास?” गुणाजी म्हणाला, “तू पण ये ना. तुझ्या बायकोचंही विचारून बघ एकदा.” सहदेव काही आला नाही.

सून आजारी म्हणून गावाहून सासू आली. रुक्मिणी, वय पासष्टच्या आसपास. पहिले दोन दिवस ती सुनेला एवढं कसलं ऑपरेशन म्हणून धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी वनमालाने तिला काय झालं होतं ते साध्या शब्दांत सांगितलं. रुक्मिणी ऐकता ऐकता हातातलं काम ठेवून बसली.

“ह्या तर माका गुणाजीच्या वेळेपासना आसा,” ती म्हणाली. “कपडो बांदून शेतात जातंय. माका वाटला, बायकांचा असाच आसता.”

गुणाजी तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

वनमाला बरी झाल्यावर सासूला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेली. या वयात ऑपरेशन नको, असं ठरलं. डॉक्टरबाईंनी आत आधाराला एक रबराची कडी बसवून दिली आणि ती काढून धुवायची कशी ते दाखवलं. खोलीतून बाहेर आल्यावर रुक्मिणी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, परत आली, पुन्हा चालली. बाकावरच्या गरोदर बायका बघत होत्या. मग ती वनमालाजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “गावात शेजारच्या पारूक पण आसा ह्या. माझ्या बहिणीक पण. तुझो तो कागद दी माका. मी इचारून येतंय.”

“आई, तो अभ्यास संपला,” वनमाला म्हणाली. “आणि तुम्हाला लिहिता कुठे येतं?”

“लिवक येना नाय. इचारूक येता.”

वनमालाने पर्समधून एक कोरा फॉर्म काढला, पाठीमागे मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘रुक्मिणी घाडी, छत्तीस वर्षं’, आणि खाली आणखी नावांसाठी जागा सोडली.