फिलोमेनने मामाला नाही म्हणायला लावलं

फिलोमेन तळ्याकाठीच जन्मली, मासे धुरावर टांगलेल्या तंबूत. जरा चालायला-बोलायला लागली तर तिला मिशनच्या शाळेत नेलं. परत आली तेव्हा इंग्रजी फाडफाड आणि आपली बोली बोलताना अडखळायची बिचारी. आईबाप तोवर खोकल्याने गेलेले. मामाने सांभाळलं, आंब्रोझने. तो गावचा मुखिया. त्याने तिला दुभाषी केलं, दुसऱ्या कुणाला येत होतं इंग्रजी?

खाणवाले विमानातून आले तेव्हा ती पोरसवदाच होती. तळ्याच्या वरच्या अंगाला खणू का, विचारत होते. म्हातारी माणसं खाली बघून गप्प बसली. आता दारी आलेल्याला तोंडावर नाही कोण म्हणतं? गप्प बसायचं. शहाणा असला तर समजतो आणि उठतो.

खाणवाल्याने फिलोमेनला विचारलं, "काय म्हणतायत?"

ती म्हणाली, "काहीच बोलत नाहीत."

तो खूश! एकेकाचा हात धरून हलवला आणि गेला. पुढच्या उन्हाळ्यात यंत्रं उतरली. फिलोमेनच्या ते जिवाला लागलं ते लागलंच. आपण नीट फोड करून सांगायला हवं होतं, म्हणायची.

मामा थकला, मग लोकांनी तिलाच मुखिया केलं. बाईमाणूस मुखिया, टोमणे तर असणारच. शेजारीण म्हणायची, "हिला कॅरिबू हरणाचं कातडं धड खरवडता येत नाही, ही गाव काय सांभाळणार?"

"कातडं तू खरवड गं," फिलोमेन म्हणायची, "मी साहेबांना खरवडते."

आणि खरवडलंच तिने. नर्स आणली. शाळा गावातच आणली, पोरं उचलून न्यायला कुणाला निमित्त नको म्हणून. पण तळं काही खाणवाल्यांच्या तावडीतून सुटेना. खाण वाढवायची म्हणून पुन्हा सभा लागली, तेव्हा ती मामाकडे गेली.

"मामा, या वेळी तोंडाने बोल. नाही म्हण."

"पाहुण्याला?"

"पाहुणा कसला! इतकी वर्षं ठाण मांडून बसलाय."

"मग तूच सांग की. तुला शाळेत शिकवलंय तसलं."

"माझं म्हणणं धरत नाहीत रे. म्हणतात, ही एकटीच भांडकुदळ, म्हाताऱ्यांना चालतंय."

मामाने चुलीतलं लाकूड आत सारलं. "माझ्या बापाने मला असं वाढवलं नाही, पोरी."

"ठाऊक आहे मला. तरी मागते."

सभेत मामा काठी टेकत उठला. "नाही," म्हणाला. मोठ्याने. मग भाचीकडे वळून म्हणाला, "आता त्यांना चहा दे." सगळे हसले, तो नाही हसला. घरी गेला आणि त्यानंतर कुणाच्या दारात गेला नाही. लाज वाटायची त्याला. फिलोमेन रोज जायची, तो तिला खुणेने बसवायचा, बोलायचा मात्र नाही.

खाण वाढली नाही. ती जिंकली म्हणायला हरकत नाही. पण खाणीच्या जुन्या खड्ड्याचं विषारी पाणी आधीच तळ्यात झिरपलं होतं. पानं पिवळी पडायच्या सुमारास सरकारी माणसं आली, या तळ्यातला मासा खाऊ नका म्हणाली. त्या वर्षी जाळी कुणी टाकलीच नाहीत.

हिवाळ्यात मामा गेला. गेलेल्याला आवडीचं जेवण विस्तवात द्यायचं असतं आपल्यात. त्याला काय आवडायचं ते गावाला ठाऊक होतं, याच तळ्यातला पांढरा मासा, पोटाकडचा चरबीचा तुकडा. सगळे विस्तवाभोवती उभे, आणि कुणाच्या ताटात मासा नाही.

"पलीकडच्या तळ्यातला आणू का?" कुणी तरी विचारलं.

"त्या तळ्याशी त्याची ओळख नव्हती," फिलोमेन म्हणाली. "आणि विषारी तर मी त्याला देणार नाही." मग दुकानातला मांसाचा डबा उघडायला लावला. "तापवा आधी," म्हणाली. "गार घशाखाली उतरायचं नाही त्याच्या."