सीटमागचं कार्ड

आधी नाव सांगतो. शमीम खाला. नाव आधी घेतलं नाही तर पुढचं सांगायच्या वेळी मी पुन्हा पळ काढीन — मला माझी सवय ठाऊक आहे. हे मी घरी आईला सांगितलेलं नाही, गाडीच्या मालकाला नाही, बरोबरच्या ड्रायव्हरांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी गडचिरोलीकडचा. सातवीत शाळा सुटली. संभाजीनगरला आलो तेव्हा गाडी चालवता यायची, पण छापील कागद समोर आला की एकेक अक्षर जुळवत बसायचो. भडकल दरवाज्याजवळच्या एका गल्लीत खालांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. त्यांचा नवरा वारलेला, मुलगी जालन्याला दिलेली. पूर्वी बालवाडीत शिकवायच्या. लायसन्सच्या परीक्षेसाठी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर रस्त्यावरच्या सगळ्या खुणा रंगीत खडूनं काढल्या आणि महिनाभर मला लहान पोरासारखं विचारलं. चुकलो की म्हणायच्या, "फिरसे देख. रस्ता तुला दोनदा विचारणार नाही." लायसन्स हातात आलं तेव्हा पाया पडायला वाकलो, तर "अरे नक्को नक्को" करत मागं सरल्या.

दोन वर्षं त्यांच्याच हातचं जेवलो. आईला सांगायचो, मेसमध्ये जेवतो. — पहिलं खोटं तेच असावं.

टुरिस्ट गाडी चालवायला लागलो. आमच्या शहरात लोक झोपायला येतात. एक दिवस वेरूळ, दुसऱ्या दिवशी अजिंठा, आणि परत. मधलं शहर काचेतून दिसेल तेवढंच. पण एखादी पार्टी विचारायची, इथली माणसं काय खातात हो? मीच खालांना म्हटलं, तुमचा मटणाचा कलिया खाऊ घाला की त्यांना. भट्टीवरून नान आणायचे, कलिया घरचा. कल्पना माझी. त्यांनी पुढची खोली रंगवून घेतली, नवी ताटं आणली, नावाची कार्डं छापली. एक मी माझ्या सीटच्या मागं चिकटवलं. माणसं येऊ लागली. पुण्याचे एक आजोबा तर उरलेले नान बांधून घेऊन गेले. खाला तेव्हा लई खुशीत असायच्या. म्हणायच्या, पुन्हा बालवाडी भरल्यासारखं वाटतं.

मग ती नाशिकची पार्टी. दोन जोडपी. सकाळीच खालांना सांगून ठेवलं होतं, चार माणसं येतील. वेरूळहून परत येताना, दौलताबाद मागं पडल्यावर, मागच्या ताईंनी कार्ड वाचलं. फोनवर त्याचा फोटो काढला. मग म्हणाल्या, "दादा, स्वच्छ असतं ना हो तिथं?"

इतकंच. आवाजात काही होतं का? किती वेळा आठवून पाहिलं — नव्हतं. कुठल्याही घराबद्दल विचारलं असतं तसंच विचारलं. मी तिथं रोज जेवत होतो. एवढंच सांगायचं होतं ना? आरशात पाहिलं, चौघं माझ्याकडं बघत होती. आणि मी म्हणालो, "नका जाऊ ताई. मागं एका पार्टीची पोटं बिघडली होती."

कुठली पार्टी? कुणाची पोटं?

पुढं कितीतरी दिवस स्वतःला समजावलं, की भीती वाटली — कुणाला काही झालं असतं तर मालकानं किल्ली काढून घेतली असती. ते अर्धंच. मागून कुणीतरी म्हणालं, बरं झालं, आपला माणूस भेटला. ते ऐकून मी ताठ बसलो. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आजही जिभेवर कडू येतं.

चौघांना जालना रोडच्या एका हॉटेलात सोडलं. घरी येऊन खालांना म्हणालो, टायर फुटला, उशीर झाला, पार्टी परस्पर गेली. जेवणाचं दस्तरखान जमिनीवर अंथरलेलं, चार ताटं पालथी मांडलेली. त्या म्हणाल्या, "टायरच ना? तुला लागलं नाही ना?" आणि त्यातलंच एक ताट सरळ करून मला वाढलं. मी जेवलो. — दोनदा मागून घेतलं.

आठवड्यानं फोनवर मेसेज फिरू लागला. कार्डाचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, की इथं जाऊ नका, आमच्या ड्रायव्हरदादांनी प्रामाणिकपणे सावध केलं. प्रवाशांच्या ग्रुपवरून तो हॉटेलवाल्यांकडं गेला, आणि माणसं यायची थांबली. शेवटी कुणीतरी खालांनाच पाठवला. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून मला आलेलं सगळं त्याच वाचून दाखवायच्या. तसाच हाही वाचून दाखवला, शेवटपर्यंत. चष्मा काढला.

"ये ड्रायवर कौन रे? तुला ठाऊक आहे?"

"नाय, खाला."

फोटोत कार्डाच्या कडेला सीटकव्हर दिसत होतं. हिरव्या फुलांचं. जुन्या पडद्यातून त्यांनीच शिवून दिलेलं.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पावसाळ्याआधी घर सोडून त्या मुलीकडं गेल्या. ताटं कुणाला तरी देऊन टाकली. ईदला अजून फोन येतो — खाना खाया क्या रे? मी हो म्हणतो. कार्ड कधीच काढलं, पण गोंदाचा चौकोन सीटच्या मागं राहिलाय, प्रवासी बसल्या बसल्या नखानं खरवडतात. जालन्यावरून माझी गाडी कितीदा गेली असेल. एकदाही आत वळली नाही.

हल्ली रोज एक पान वाचतो, एक पान लिहितो. प्रवाशांच्या त्याच ग्रुपवर, माझ्या नावानिशी, मी काय केलं ते लिहीन. मग जालन्याला जाईन आणि लेक-जावयांसमोर ते खालांना स्वतः वाचून दाखवीन. ज्या खोलीत त्या असतील तिथं माझ्या गाडीतली माणसं जेवायला नेईन, आणि ताटं मी मांडीन. खाला, तुमचं मी फेडीन. एक दिवस.