नळीवर नाव त्यांचं

मैत्रिणींनो, सकाळपासून डोकं सुन्न आहे. इथे नाही तर कुठे बोलू?

लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. रक्त, सोनोग्राफी, सगळं माझंच झालं. नवऱ्याची तपासणी म्हटली की सासूबाईंचं ठरलेलं, "मना पोऱ्यामा काही खोट नही."

शेवटी डॉक्टरांनी मार्ग काढला. पुरुषांचे हार्मोन लाळेतूनही तपासता येतात, घरीच नळीत थुंकायचं. हे कसेबसे तयार झाले. अट एकच होती, तोंडात आधी काही नको.

आज हे कापडाच्या लूमवरून रातपाळी करून आले ते गालात तंबाखूचा मावा घेऊनच. त्याशिवाय मशीनसमोर डोळे उघडे राहत नाहीत, मला माहीत आहे. म्हटलं, चूळ भरा, झोपा, उठल्यावर देऊ.

यांनी दाराकडे बघितलं आणि नळी माझ्या हातात दिली. हळूच म्हणाले, "तूच भर ना. बाईची काय, माणसाची काय, थुंकी ती थुंकी."

"अहो, तेच तर तपासणार आहेत!"

चिडले असते तर मीही भांडले असते. पण ते घाबरले होते. भिंतीकडे तोंड करून झोपून गेले.

आतून सासूबाई म्हणाल्या, भेस्तानला नवी डॉक्टरीण आलीय, उद्या तुला दाखवू.

कुणाचा नवरा तयार झालाय का गं तपासणीला? त्याला काय सांगितलंत, तेवढं लिहा. त्यांचं नाव चिकटवलेली नळी अजून रिकामीच आहे, आणि उद्या रक्त पुन्हा माझंच काढतील.