वन्संची सोबत

वाघाला, सापाला, भुताला भिणारी माणसं मी पाहिली आहेत. पण एका नारळाला भिणारी बाई अख्ख्या पुण्यात एकच होती, आणि ती माझी नणंद होती. नारळाला म्हणजे नारळ एक असण्याला. वन्संना कुठलीही गोष्ट एकटी दिसली की धस्स व्हायचं. त्या यांच्या मोठ्या बहीण. तरुणपणीच नवरा गेला आणि त्या कसबा पेठेत आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्या, त्या कायमच्या. हे सकाळी खडकीला कारखान्यात जायचे ते संध्याकाळी परत यायचे. दिवसभर आम्ही दोघीच. मी मूळची भित्री आणि त्यात अबोल, अनोळखी माणसाशी आपणहून कधी बोलले नाही. वन्सं माझ्याहून भित्र्या, पण तोंडाने खंबीर. मंडईत त्यांनी कधी एक लिंबू घेतलं नाही. "एकटं पिशवीत घाबरतं," म्हणायच्या. भोपळा घ्यायचा तर त्याच्या दोन फोडी करायला लावायच्या. भाजीवाली एकदा म्हणाली, "मावशी, भोपळ्यालाही सोबत लागते होय?" वन्सं म्हणाल्या, "तू नाही का बसलीस लिंबूवालीला चिकटून? मग त्यानेच काय घोडं मारलंय?"

रिकाम्या खोलीत शिरताना त्या दारातूनच मोठ्याने सांगायच्या, "सरका जरा, मी आले." लग्नानंतरचे सहा महिने माझी या एका वाक्याने झोप उडाली होती. मला वाटायचं, आत खरंच कुणीतरी बसलेलं आहे आणि ते फक्त मलाच दिसत नाही. शेवटी धीर करून विचारलं, "वन्सं, कोण असतं हो आत?" त्या म्हणाल्या, "कुणी नसतं, म्हणून तर सांगते." उलट त्या दिवसापासून मलाही रिकाम्या खोलीची भीती वाटायला लागली.

त्यांची खरी भिस्त होती देव्हाऱ्यातल्या पितळी बाळकृष्णावर. अंगठ्याएवढा होता, पण त्याला कामं घरगड्यासारखी. बाहेर जाताना त्याचं तोंड गॅसकडे फिरवायच्या आणि म्हणायच्या, "दूध बघा." एकदा दूध उतू गेलं. वन्संनी ओटा पुसता पुसता देवाची अशी खरडपट्टी काढली की शेजारीण डोकावून गेली. "डोळे उघडे ठेवून उपयोग काय? नुसतं लोणी खायला पुढे!" मी घाबरून म्हटलं, "अहो, देवाला असं बोलू नये." त्या म्हणाल्या, "बोलायला तरी कुणी आहे ना? तेवढं पुरे."

त्यांचं हे वेड देवळात एकदा सगळ्यांसमोर उघडं पडलं. बुवा प्रवचनात सांगत होते की देव आणि भक्त वेगळे नाहीत, सगळं एकच आहे. दुसरं काही आहे असं वाटतं तिथूनच भय सुरू होतं. वन्सं पहिल्या रांगेत होत्या. मी त्यांचा पदर ओढला, तरी त्या उठल्याच.

"महाराज, आपल्या घरी कोण कोण असतं?"

"आई आहे, मंडळी आहेत, दोन मुलं, धाकटा भाऊ."

"तरीच! भरल्या घरात बसून एकच आहे म्हणायला काय जातं? जिन्यातला दिवा गेला की मी देवाला हाक मारते. तो आणि मी एकच असलो तर हाक कुणाला मारू? मला? मी तर आधीच घाबरलेली असते!"

बुवा हसले. म्हणाले, "बाई, याला द्वैत म्हणतात."

"म्हणत असतील. आम्ही सोबत म्हणतो."

मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बुवा, उत्तर द्या, नाहीतर आरतीला घ्या." बुवांनी आरतीला घेतलं. मी मान वर केली नाही, पण घरी येताना वाटलं, वन्संनी माझ्याच मनातलं विचारलं होतं.

गेल्या वर्षी त्यांना चक्कर यायला लागली. एकदा जिन्यात पडल्या. मग मला रोजच धास्ती, की भाजी आणायला जावं आणि परत यावं तर या खाली पडलेल्या. डॉक्टर म्हणाले, डोक्याचा एमआरआय केल्याशिवाय काही सांगता येणार नाही, उशीर करू नका. पहिल्यांदा हे घेऊन गेले, तर वन्सं त्या नळकांड्यात डोकं जाताच ओरडून उठल्या आणि तशाच चालत घरी आल्या. "त्यात एकीचीच जागा आहे," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या वेळी यांना रजा नव्हती. मी गेले. वाटेत सारखं मनात येत होतं, डोक्यात काही निघालं तर? आणि या पुन्हा उठून आल्या, काही कळलंच नाही, तर?

तिथल्या मुलीने त्यांना झगा घालायला दिला आणि विचारलं, "आजी, मुठीत काय आहे?" मूठ उघडली तर बाळकृष्ण.

"धातू आत चालत नाही, आजी."

"हा धातू नाही. देव आहे."

"देव पितळेचा आहे ना? मग बाहेर."

वन्संचा चेहरा पांढरा पडला. त्या दाराकडे वळल्या. मला कळलं, या आता निघाल्या, आणि पुन्हा येणार नाहीत. मी पुढे होऊन त्या मुलीला म्हटलं, "त्यांना एकटं राहता येत नाही. मी आत येते." आवाज माझाच होता का, कोण जाणे. तिने माझ्याकडे पाहिलं. शरीरात कुठे लोखंड बसवलंय का, कधी ऑपरेशन झालंय का, सगळं विचारलं आणि म्हणाली, "अंगावरचं सगळं काढून ठेवा." मी मंगळसूत्र, बांगड्या, केसातले आकडे काढले. वन्संनी ते सगळं कपाटात ठेवलं, वर बाळकृष्ण ठेवला आणि म्हणाल्या, "मंगळसूत्र बघा."

मशीन सुरू झालं तेव्हा कुणी भिंतीवर घण घालतंय असं वाटलं. त्यांचं डोकं, छाती सगळं आत गेलं होतं, बाहेर फक्त पाय. मी उजव्या पायाचा अंगठा धरला. थंडगार होता. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण अंगठा सोडला असता तर त्या उठल्या असत्या. अर्धा तास मी डोळे मिटून तसाच धरून ठेवला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आत हात नव्हते, डोकं नव्हतं, मी पण नव्हते. नुसता अंगठा होता." मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "बुवांना सांगू नकोस."

डोक्यात काही निघालं नाही. कानाचा दोष निघाला, गोळ्यांनी चक्कर थांबली. माझी धास्ती मात्र थांबली नाही.

या श्रावणात एका दुपारी मी मंडईत निघाले. वन्सं पडल्या होत्या. "दमल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या. मी बाळकृष्णाचं तोंड गॅसकडून त्यांच्या खाटेकडे फिरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला काम सांगितलं, "वन्संना बघा." वन्सं हसल्या. म्हणाल्या, "शिकलीस."

दोन नारळ घेऊन मी तासाभरात परत आले, तर त्या गेल्या होत्या. मी देव्हाऱ्याकडे वळले. दुधाच्या वेळी त्या बोलल्या होत्या तसं बोलणार होते, तोंडापर्यंत आलं होतं. पण देव्हारा रिकामा होता. बाळकृष्ण वन्संच्या मुठीत होता. मूठ इतकी घट्ट होती की कुणी कुणाला धरलं होतं, ते मला कळलं नाही.

आता दिवसभर मी एकटीच असते. बाहेरून आले की दारातच थांबते, कुलूप काढते आणि मोठ्याने म्हणते, "सरका जरा, मी आले." मग आत जाते.