आत्याच्या टाचा

भोरला आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. दर दिवाळीला त्यांच्या कॅमेऱ्याला नवी लेन्स येते, आणि ती आली की ते जाहीर करतात, "आता खरे फोटो!" विषय शोधायला लांब जावं लागत नाही, नजर लागते, हे ते मला येताजाता ऐकवतात. त्यांना गंजलेल्या नळात विषय दिसतो, माझ्या तुटक्या वहाणेतही दिसतो.

सगळ्यात लाडका विषय म्हणजे पासली गावची त्यांची सख्खी आत्या. उजेड पाडायला थर्माकोल धरून मीही जायचो. फोटो म्हटलं की आत्या नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून खुर्चीत ताठ बसायच्या. हे ओरडायचे, "आत्या, तसं नगं! जुनंच नेस, आन् चूल पेटव." घरात गॅस असून बिचाऱ्या धुरात खोकत बसायच्या. "माजं त्वांड येतंय का रं?" असं विचारायच्या. हे म्हणायचे, "तू हलू नगंस."

गेल्या महिन्यात आत्या गेल्या. श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी त्यांच्या मुलांनी ह्यांच्याकडे फोटो मागितला. ह्यांनी सगळा लॅपटॉप उपसला. भेगाळलेल्या टाचा निघाल्या, सुरकुतलेले हात निघाले, धुरातली पाठ निघाली. सबंध चेहरा एकातही नव्हता. शेवटी मुलांनी आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून लावला.

दहाव्याला हे त्या फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे होते. मला वाटलं, आता डोळे पुसतील. तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लायटिंग लई वंगाळ हाय."