दादाच्या नावाचं रक्त

आमचा दादा बस चालवायचा. स्टिअरिंगवर बसला की स्वतःला राजा समजायचा आणि खाली उतरला की त्याला धाप लागायची. धाकट्याला आम्ही काडी म्हणायचो. तो पोस्टमन, दिवसभर जिने चढायचा आणि दादावर जीव टाकायचा. मी दोघांच्या मधली बहीण.

डेपोत दरवर्षी सगळ्यांचं रक्त तपासत. त्या वर्षी नवीच टूम निघाली. त्याच रक्तावरून संगणक सांगणार, पुढे कुणाचं हृदय दगा देणार. लाल शेरा आला की गाडी काढून घेणार. दादाची पाचावर धारण बसली. त्याने स्वतःचं ओळखपत्र काडीच्या खिशात कोंबलं. फोटो जुना, दादा बारीक असतानाचा. काडी उपाशीपोटी गेला आणि हसत हसत रक्त देऊन आला.

शेरा लाल आला.

दादाला बस धुवायला लावलं. आठ दिवस जळफळून त्याने फेरतपासणी मागितली आणि या वेळी स्वतःचं रक्त दिलं. ते निघालं एकदम चांगलं! डेपोने चूक लॅबच्या माथी मारली. दादा पुन्हा गाडीवर. काडीला म्हणाला, "मशीनच बिघडलं होतं रे, सगळ्यांचे लाल आले."

मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "दादा, मशीन धड होतं. रक्त काडीचं होतं. सांग त्याला."

"सांगतो गं. आत्ता बोललो तर तो डॉक्टरकडे जाईल, सगळं बाहेर येईल, माझी गाडी जाईल."

"आणि त्याचा जीव गेला तर?"

"दहा वर्षांचा अंदाज असतो तो. उद्या मरतोय का?"

मीही गप्प बसले. दादाच्या घरात राहत होते, आणि खरं सांगते, मला कटकट नको होती.

सात महिन्यांनी काडी टपालाची पिशवी घेऊन चौथ्या मजल्यावर छाती धरून खाली बसला. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "याआधी कधी रक्त तपासलं होतं?"

आम्हा दोघांच्याही तोंडाला कुलूप. काडीने तोंडावरचा मास्क बाजूला सारला, दादाकडे बघून डोळा मिचकावला आणि म्हणाला, "नाही हो. कधीच नाही."

संध्याकाळी तो गेला. दादा छाती बडवून रडत होता. बडवू दे. ती ठणठणीत आहे, तसा कागद आहे त्याच्याकडे.