पट्ट्यावरची बॅग

"एकदा माझं दाभण फिरलं की मागं वळून बघायचं नाही."

टाकेकाका प्रत्येक बॅग परत देताना हे म्हणायचे, आणि गिऱ्हाईकही खरोखर बघायचं नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं. तिथं मेण लावलेल्या दोऱ्याचा वास भरून राहिलेला असायचा. तुटलेले बंद, उसवलेल्या कडा, रुसलेल्या चेनी त्यांच्या मांडीवर मुकाट्यानं येऊन पडायच्या. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस आधी त्यांची पायरी चढायचा.

मग त्यांचीच पाळी आली. लेक परदेशात, तिचे दिवस भरत आलेले. काकूंनी सगळा हिवाळा बसून बाळासाठी स्वेटर, मोजे, टोपडी विणली. नवी बॅग घेऊ म्हणाल्या, तर काका उखडले. बॅगा शिवणाऱ्यानंच बॅग विकत घेतली तर गाव हसेल, म्हणाले. त्यांनी माळ्यावरची जुनी कॅनव्हासची बॅग काढली आणि तिची कड शिवायला बसले. टाक्याला टाका चिकटत गेला. काकू म्हणाल्या, "अहो, बॅग शिवताय की तिच्यावर सूड उगवताय?"

विमानात गल्लीतला औषधवाला भेटला. तो भावाकडे निघालेला, आणि त्याचीही बॅग काकांनीच शिवलेली. उतरल्यावर तिघं सामानाच्या फिरत्या पट्ट्याजवळ उभे राहिले. औषधवाल्याची बॅग ठणठणीत आली. तिच्यामागून काकांची आली, एका बाजूनं फाटलेली. काकूंचा परकर बाहेर लोंबत होता, आणि एक निळं टोपडं पट्ट्यावरून एकटंच फिरत होतं. दोरा कुठंच तुटला नव्हता. दाट टाक्यांच्या भोकांनी जुनं कापडच खाल्लं होतं, आणि ते ओळीनं फाटत गेलं होतं.

औषधवाला हसला. "कुणाची हो ही? त्या बिचाऱ्याला तुमच्या दुकानाचा पत्ता द्या."

काकूंनी हात पुढे केला होता.

"कुणाची आहे कुणास ठाऊक," काका म्हणाले. "चला."

काकूंनी हात मागं घेतला.

लेकीला सांगितलं, बॅग हरवली, तक्रार केली आहे. नातू झाला. त्याला दुकानातून आणलेलं झबलं घातलं. लेक रोज विचारायची, अजून विमानतळावरून फोन नाही का आला? काका खिडकीबाहेर बघत बसायचे. काकू त्या विषयावर तोंडच उघडत नव्हत्या, आणि तेच काकांना सोसवत नव्हतं. शेवटी जावईच त्यांना घेऊन विमानतळावर गेला. हरवलेल्या सामानाच्या खिडकीतल्या माणसानं काहीतरी सांगितलं. जावयानं पुन्हा विचारून खात्री केली.

"बाबा, हे म्हणतायत, या बॅगेची तक्रार द्यायला कुणी आलंच नव्हतं."

मग त्यानं काकांकडे न बघता कागदावर सही केली. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बॅग मिळाली, चिकटपट्टीनं गुंडाळलेली. स्वेटरांना काळं वंगण लागलं होतं. निळं टोपडं नव्हतंच. काकूंनी घासघासून धुतलं, डाग काही हलले नाहीत. पिळता पिळता त्या एवढंच म्हणाल्या, "बॅग फाटली त्याचं काही नाही. तुम्ही ओळख दाखवली नाहीत."

इथवरचं सगळं मला काकूंनीच सांगितलं, मी त्यांच्या शेजारी राहतो. पुढचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

औषधवाला आधीच परतला होता आणि काकांच्या दोऱ्याचं कौतुक त्यानं गावभर केलं होतं. काका आले तर दुकानापुढे बॅगा घेऊन माणसं उभी. त्यांनी दुकान उघडलं नाही. ती फाटकी बॅग उचलून ते औषधाच्या दुकानात आले. मी तिथं खोकल्याचं औषध घ्यायला उभा होतो. त्यांनी बॅग काउंटरवर ठेवली, फाटकी बाजू वर करून.

"पट्ट्यावरची ती बॅग माझी होती," ते म्हणाले. "मीच शिवलेली."

औषधवाल्याला आधी उमगलं नाही. मग त्याची नजर कडेवरून फिरली आणि चेहरा पडला. "काका, बसा तरी. पाणी मागवतो."

काका बसले नाहीत. त्यांनी बॅग खांद्यावर टाकली, फाटकी बाजू लोकांकडे येईल अशी, आणि भर बाजारातून निघाले. औषधवाला माझी बाटली हातात धरून बघत राहिला. मीही बघत राहिलो. समोर त्यांच्याच बंद दुकानाच्या पायरीवर काकू उभ्या होत्या. वाटेत काका थांबले, मागं वळून त्यांनी आमच्याकडे बघितलं, आणि मान खाली घालून पायरीच्या दिशेनं चालू लागले.